उंदरांच्या डॉक्टरचा सिद्धांत

बनशंकरीतल्या आमच्या नातलगांत मी 'डॉक्टर' आहे. लग्नात मल्हारराव काका मला गाठून जीभ काढून दाखवतात. मी उंदरांचा डॉक्टर आहे, आणि तेही प्रयोगशाळेतला, त्यांना बरं करणारा नव्हे, हे मी कुणाला सांगत नाही. मान मिळतोय तर घ्यावा.

खरी काळजी होती सौम्या अक्काची. माझ्या या थोरल्या बहिणीच्या मज्जातंतूंवरचं आवरण जागोजाग तुटतंय आणि उजवा हात बधिर झालाय. "तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्यावर उलटलीय," असं तिच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती स्वतःच्याच शरीरावर रुसली आहे. इंजेक्शनं पुढचं नुकसान रोखतात, गेलेलं परत देत नाहीत. ते मी परत आणीन, असं छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

माझा सिद्धांत सोपा होता. आवरण तुटतं तिथे मेंदूतल्या रक्षक पेशी, मायक्रोग्लिया, गर्दी करतात. अपघाताच्या जागी जो उभा दिसेल त्याला आधी बडवायचं, या आपल्या रस्त्यावरच्या शास्त्राने मी त्यांना गुन्हेगार ठरवलं. औषधाने त्या हटवल्या की आवरण झपाट्याने भरून येईल, असं सेमिनारमध्ये ठणकावलंही. याच्या उलट सांगणारे पेपर मी वाचले होते, पण त्यांच्या चुका काढायला.

आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. औषध दिलेल्या उंदरांच्या मेंदूत तुटक्या आवरणाचा कचरा तसाच पडलेला, नवं आवरण जवळपास नाहीच. बाकीच्या उंदरांचं मात्र छान भरून येत होतं. मी हाकललेल्या पेशीच तो कचरा खाऊन जागा साफ करत होत्या.

संध्याकाळी तोंड पाडून अक्काकडे गेलो. ती डाव्या हाताने अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती. धीर देणारी वाक्यं मी ऑटोत पाठ केली होती. पण आधी माझी फजिती सांगितली.

"म्हणजे त्या पेशी माझ्यावर उलटलेल्या नाहीत?" तिने विचारलं.

"काही वेळा उलटतातही. पण निस्तरायलाही त्याच धावतात. त्यांच्याशिवाय नवं आवरण नीट येत नाही."

तिने शेंग खाली ठेवली. "मला वाटायचं, आत सगळे माझ्या वाईटावरच टपलेत. माझ्या बाजूचंही कोणी आहे, हे स्वल्प आधी सांगायचं नाही का रे, यशू?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. उलट माझेच डोळे भरून आले.

"हात येईल परत?"

"माहीत नाही, अक्का."

"सरी, ठीक आहे," ती उजव्या हातावरून डावा हात फिरवत म्हणाली. "त्या करतायत ना काम, करू देत. तू तेवढा मध्ये पडू नकोस."