बाईंनी सांगितलेली घरं

यंदाच्या श्रावणात आमच्या गावच्या शिक्षिका मंगलबाई गेल्या आणि दिवाळीनंतर शाळेत त्यांचा फोटो लावायचं ठरलं. बाईंविषयी चार शब्द लिहून वाचण्याचं काम सरपंच आप्पासोंनी माझ्यावर टाकलं. मी गावच्या वाचनालयाचा जुना ग्रंथपाल. पुस्तकं सांभाळणाऱ्याला लिहिता येतं, असा लोकांचा समज असतो. मी तो खोडून काढला नाही, कारण त्यासाठीही बोलावं लागलं असतं.

आमचं गाव वडूजच्या पुढं, कोरडवाहू. मेंढपाळांची घरं बरीच. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरतात, कराडपासून सांगलीपर्यंत रानोरान फिरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पूर्वी पोरंही बरोबर जायची. हजेरीत नाव असायचं, वर्गात पोर नसायचं. मंगलबाई वाईच्या. नदीच्या घाटावर वाढलेली ही मुलगी आमच्या गावात टिकायची नाही, असं सगळेच म्हणत. त्या टिकल्या, आणि दुसऱ्या दिवाळीला त्यांनी एक वेगळंच काम केलं. मागं राहणाऱ्या एकेका घराच्या दारात जाणाऱ्यांचं एकेक पोर नेऊन उभं केलं आणि सांगितलं, हे आजपासून तुमच्याकडं. विचारलं नाही, सांगितलं. दरसाल हेच. निवृत्तीनंतरही त्या गावातच राहिल्या आणि दिवाळीच्या सुमाराला घरं सांगत राहिल्या.

माझ्या दारात त्यांनी एका मेंढपाळाच्या पोराला, बिरदेवला, आणलं तेव्हा मी गडबडलो. मला मुलांशी बोलायला येत नाही, म्हणालो.

"मग बोलू नका," बाई म्हणाल्या. "जेवायला वाढा."

आतून माझी बायको अंजना हसली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. बिरदेव दहावी होईपर्यंत दर हिवाळ्यात आमच्याकडं राहिला. पुढं सांगलीत आयटीआय केलं, आता कुपवाडला एका कारखान्यात लेथवर असतो. अंजना गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी त्यानंच घातलं. बाईंचं हे देणं चार शब्दांत कसं मांडायचं ते मला सुचत नव्हतं. लिहायचो आणि फाडायचो.

असाच एका दुपारी बसलो असताना सिद्धू वाचनालयाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. सिद्धू मेंढपाळ, बाईंच्याच हाताखाली शिकलेला. आत ये म्हटलं तरी येईना.

"आण्णा, पोरगीला कुटं ठिवायची?" त्यानं विचारलं. "बाई सांगायच्या."

त्याची शिवांजली सहावीत. गेल्या साली ती खुद्द बाईंच्या घरी होती, आणि त्या घराला आता कुलूप होतं. अलीकडं पुष्कळांची पोरं आजी-आजोबांजवळ राहतात, पण सिद्धूच्या मागं गावात कुणी नव्हतं. उद्या सकाळी त्याची मेंढरं निघणार होती. घर मिळालं नाही तर बरोबर नेतो, असं तो म्हणाला, आणि ते इतक्या शांतपणे म्हणाला की मला ते जास्त लागलं. पोर एकदा मेंढरांमागं गेलं की सहसा वर्गात परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी ग्रामपंचायतीत आप्पासोंकडं गेलो. ते फोटोच्या चौकटीविषयी कुणाशी तरी फोनवर वाद घालत होते. माणूस चांगला. कार्यक्रम झाला की बैठक घेऊ, म्हणाले. मेंढरं उद्याच निघतायत म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. अशा कामाला कुणीतरी आपणहून पुढं यायला पाहिजे, कुणावर जबरदस्ती कशी करायची, असं त्यांचं म्हणणं पडलं.

घरी आलो तो रागातच. फोटोला हार घालायला सगळं गाव तयार, आणि एक पोरगी ठेवून घ्यायला कुणी नाही. मग वाटलं, आणि तुझं घर? एकट्या म्हाताऱ्याचं, पुस्तकांनी भरलेलं, चुलीवर बहुधा खिचडी. वयात येणाऱ्या मुलीला घरात बाईमाणूस लागतं. ही सबब होती की खरं होतं, मला ठरवता येईना. बिरदेवला फोन लावला. मागं यंत्रांचा आवाज होता. गाव कृतघ्न झालंय रे, असं बरंच काही बोललो. त्यानं ऐकून घेतलं.

"आण्णा, कुणाच्या दारात गेला हुता?"

"दारात कुणाच्याच नाही."

"मग न्हाई म्हणलं कोन?"

तो हसला. म्हणाला, "तुमी तरी बाईंकडं पोर मागायला गेला हुता व्हय?"

दिवेलागणीला मी निघालो. तीन वाक्यं पाठ केली होती. पहिलं उघडं दार राणीचं दिसलं. राणी बाईंची विद्यार्थिनी. नवरा सैन्यात, घरात ती, तिची सासू आणि लहान मुलगी पूजा. तिनं या म्हटलं, आणि माझी तिन्ही वाक्यं कुठं गेली कोण जाणे.

"ती सिद्धूची शिवांजली..." एवढंच तोंडातून निघालं.

राणीनं पिठाचे हात पुसले. "आमच्याकडं ठिवायची म्हंताय?"

मी मान हलवली. ती आत वळून सासूला म्हणाली, "आत्ती, आलं बगा सांगायला." मग माझ्याकडं बघून जरा घुश्शातच बोलली, "दसऱ्यापास्नं वाट बगतोय आमी. आत्तींनी अंथरायला वाकळ धुऊन ठिवलीया. बाई गेल्या म्हंजी सांगायचं बी बंद झालं का काय?"

मी विचारलं, मग तुम्हीच का नाही बोललात?

"आपून हून दुसऱ्याचं पोर कसं मागायचं ओ? धुनी-भांडी करून घ्यायला मागत्यात म्हनतील लोकं. बाई सांगायच्या, आमी ठिवून घ्यायचो."

म्हातारी आतून म्हणाली की लय उशीर केला, पुढच्या साली दसऱ्यालाच या. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. परत येताना समोरच्या इंद्रजितनं ओट्यावरून अडवलं. राणीच्या घरी गेलात, आमच्याकडं का नाही आलात, अशी त्याची तक्रार. त्याच्या आईनंही खोली झाडून ठेवली होती म्हणे. चुकलो, म्हणालो. मेंढपाळ बिराप्पाचं धाकटं पोर पुढच्या साली शाळेत बसेल, ते आमच्याकडं, असं त्यानं मला बजावून सांगितलं. एका संध्याकाळी दोन घरची बोलणी खाल्ली आणि इतकं बरं मला अंजना गेल्यापासून वाटलं नव्हतं.

सकाळी सिद्धूचा बाडबिस्तरा घोड्यावर चढला. राणीच्या दारात शिवांजली दप्तर छातीशी धरून उभी होती. सिद्धू चपलेनं माती सारखी करत राहिला. मग म्हणाला, पोरगी भाकरी बरी थापती, कामाला लावा. राणी म्हणाली, "आदी अभ्यासाला लावते. भाकरी मला येती." तेव्हा त्याची बायको पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

मेंढरं ओढ्याच्या वळणाला लागली. शिवांजली रडली नाही. पूजानं तिचा हात धरून तिला आत ओढलं, कारण पूजाची वेणी अजून घातलेली नव्हती आणि नव्या ताईकडून घालून घ्यायची असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. मी घरी येऊन कागद पुढं ओढला. बाईंविषयी अजूनही काय लिहावं ते सुचलं नाही. मग दोन दिवसांनी शाळेत फोटोच्या कार्यक्रमात उभं राहून, कागद न धरता, शिवांजली कुणाच्या घरी आहे तेवढं सांगितलं, पुढच्या साली मी कुणाकुणाच्या दारात येणार आहे ते सांगितलं, आणि खाली बसलो.