मास्तरांच्या बोटांतली कात्री

"कुणी कागद कापला माझ्या कात्रीनं? खोटं बोलू नका, धार सांगते मला!"

असं कुरकुरत मास्तरांनी मला कानाशी धरलं आणि दोनदा उघडलं-मिटलं. त्यांच्या बायकोनं शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही.

"तुमच्या कात्रीला हात लावायची छाती आहे का कुणाची या घरात?" एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची कात्री, म्हणजे हातभर लांब आणि वजनाला भारी. कागद कापला की माझी धार जाते, हे मास्तरांनी आल्या-गेल्याला हजारदा सांगितलं असेल. आणि कागद त्यांनीच कापला होता. आदल्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राचे चार सारखे तुकडे करून, नीट घडी घालून, त्यांनी ते एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत ठेवले होते. मी पाहिलं होतं. त्यांच्या बायकोनंही पाहिलं होतं. आजूबाजूचे सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वहिनींनी ते तुकडे हळूच काढून चुलीपाशी नेले.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. दोन पाती, मधे एक खिळा. खूप ठोकून घेतलं तेव्हा कुठे अंगाला पाणी चढलं. मास्तरांनी मला घेतलं तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. तेव्हापासून बेचाळीस वर्षं त्यांच्या अंगठ्याचा घट्टा माझ्या कडीत बसलाय. बाहेरच्या खोलीत दुकान, आतल्या दोन खोल्यांत संसार. मास्तर कापायचे, वहिनी शिवायच्या आणि पुढे लेक काज-बटणं करायची. मास्तरांचा हात असा, की गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत नजरेनंच माप घेऊन होई. टेप लावायची ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "मास्तरांनी कापलेला कोट माणसाला शहाणा करतो," असं लोक म्हणत. मी फुगून जायची. कात्रीला फुगता येत नाही म्हणता? येतं हो, कुणी वाखाणलं की सगळ्यांनाच येतं.

मग एक दिवस टपालवाला आपला नवा सदरा घेऊन परत आला. दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या. कापड उलटून घ्यायचं राहिलं होतं. शिकाऊ माणूसही ही चूक एकदाच करतो.

"काय मास्तर, माझे दोन्ही हात डावे करून टाकलेत?" टपालवाला हसत होता.

मास्तर हसले नाहीत. सदऱ्याकडे बघत म्हणाले, "हे माझं काम नाही."

"चष्मा बदलायला हवा यांचा," वहिनी घाईनं म्हणाल्या आणि सदरा काढून घेतला.

चष्मा बदलला. पुढच्या महिन्यात एका विजारीला तीन पाय निघाले. "उकाडा किती आहे, माणूस काय करणार," लेक म्हणाली. नंतर खुंटीला लावलेला, इस्त्री झालेला तयार कोट मास्तरांनी उतरवला आणि मधोमध कापला. तेव्हा दोघींना कारणसुद्धा सुचेना. दुपारी मास्तरांचा डोळा लागला की मायलेकी दार लोटून घ्यायच्या, चुकलेलं उसवायच्या, नवं कापड आणून पुन्हा शिवायच्या. संध्याकाळी मास्तर तो कपडा हातात घेऊन म्हणायचे, "बघ, हात आहे तसाच आहे माझा." आणि दोघी "हो तर!" म्हणायच्या.

मित्रांनो, मला एक सांगायचंय, ते इथेच सांगून टाकते. माझी धार जपा, मला गंज चढू देऊ नका, हे झालंच. पण तुमच्या घरात कुणी रोज थोडं थोडं चुकायला लागलं, तर त्याच्या चुका गुपचूप उसवून पुन्हा शिवत बसू नका. वरून कपडा छान दिसतो. आत माणूस उसवत जातो, आणि शिवणाऱ्याच्या बोटांना काय टोचतंय ते कुणालाच कळत नाही.

पुढे मायलेकींनी मला लपवलं. पिठाच्या डब्यात, पार तळाशी. तिथे मी तीन दिवस होते. बाहेर मास्तर कपाटं उपसत होते, लेकीला "चोरटी" म्हणत होते. लेकीनं ते ऐकून घेतलं. पण तिसऱ्या दिवशी मास्तर कापायच्या टेबलाशी उभे राहिले आणि नुसती बोटं उघडायला-मिटायला लागले. हातात काही नाही, समोर काही नाही. जेवायला हाक मारली तरी बोटं थांबेनात. वहिनींनी डबा उघडला, मला पदराला पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"आई, अगं काय करतेस!" लेक म्हणाली.

"एवढंच उरलंय त्यांच्याकडे. तेही काढून घेऊ?"

तेव्हापासून त्यांना जुन्या चादरी द्यायच्या असं ठरलं. मास्तर दिवसभर चिंध्या कापत आणि खूश असत. वहिनी समोर स्टुलावर बसून राहत. मी मात्र खूश नव्हते. मला त्यांच्या हाताची ओढ कळत होती. चादरीच्या कडेला पोचलं की कापड संपायचं, पण त्यांचा हात थांबत नव्हता. तो पुढे काय आहे ते शोधत होता.

काल दुपारी चादर संपली. मास्तरांनी मान वर केली आणि वहिनींकडे पाहिलं.

"बाई, हे कुणी शिवलंय तुम्हाला? फिटिंग बघा. छे छे. हात पुढे करा."

वहिनींनी हात पुढे केला. सवयीनं केला, हे मला त्या हातावरून कळलं.

"मिस्टर बाहेर थांबलेत का तुमचे?"

"येतीलच इतक्यात," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी माझं खालचं पातं त्यांच्या बाहीत, मनगटापाशी सरकवलं. आत कातडी होती. ऊन होती. मी एक घास घेतला. मग दुसरा. कोपर आलं. मास्तरांचा हात तसाच सफाईदार होता, पूर्वीसारखा. दंड आला. खांद्याच्या पुढे गळा होता. मित्रांनो, मला थांबता येत नाही. कात्री कधीच आपणहून थांबत नाही.

तेवढ्यात लेक दोऱ्याची रिळं घेऊन दारात आली आणि जागच्या जागी खिळली. वहिनींनी डोळ्यांनीच तिला दटावलं. मग अगदी गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाल्या,

"मास्तर, खडूची खूण केलीच नाहीत की. खूण न करता कापता होय तुम्ही?"

मास्तर थबकले. चेहऱ्यावर शरम आली. "चुकलंच बाई. असं होत नाही कधी माझ्याकडून." मला टेबलावर ठेवून ते खडू शोधायला ड्रॉवरकडे वळले.

वहिनींनी मला उचललं. बाही खांद्यापासून लोंबत होती, आणि दंडावर एक बारीक तांबडी रेघ उमटत होती.

"आई," लेक म्हणाली. "बाबांची रात्री नीट झोप झाली नसेल, म्हणून..."

"गप्प बस," वहिनी म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा तो आवाज ऐकला. "झोप नाही आणि उकाडा नाही. सहा महिने झाले, त्यांना मी कोण ते कळत नाही. रोज गिऱ्हाईक होऊन बसते मी इथे. आणि मला त्यांची भीती वाटते."