लॅम्बर्ट हावलिकचं पान

नेब्रास्काच्या जत्रांमधल्या शर्यतींसाठी लॅम्बर्ट हावलिकनं चाळीस वर्षं घोडे तयार केले. सहाशेच्या वर शर्यती जिंकल्या. आता वय शहाऐंशी, मुक्काम वृद्धाश्रमात, डोळे जवळजवळ गेलेले, आणि म्हाताऱ्यानं ध्यास घेतलेला एकच: इंटरनेटवरच्या त्या विश्वकोशात आपलं नाव यावं. लेकीनं, डोरीननं, पान लिहून टाकलं आणि हौसेनं त्याला सांगूनही बसली. तिथंच चुकलं.

तिसऱ्या दिवशी पानावर पाटी लागली. हा माणूस नोंद करण्याइतका मोठा आहे का? सात दिवस चर्चा, मग निकाल. चर्चा करणारे तरी कोण, तर टोपणनावांचे, जन्मात तबेल्यात पाऊल न टाकलेले लोक! एकानं लिहिलं, "गावजत्रेतला ट्रेनर. उडवा." दुसरा म्हणाला, "एकही मोठी शर्यत नाही. शिवाय लिहिलंय पोरीनंच. ती कौतुक करणारच."

डोरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. पण करणार काय? वडील रोज फोनवर विचारायचे, "काय गं, राहतोय का मी?" शेवटी तिनं काकुळतीला येऊन लिहिलं, "कुणीतरी जुनी वर्तमानपत्रं चाळा हो. त्यांच्याबद्दल नक्की छापून आलंय."

एक भला माणूस खरंच चाळत बसला. सहाव्या दिवशी त्यानं एकोणीस बातम्या आणून ठेवल्या. सगळ्या १९७८ च्या जानेवारीतल्या. हावलिकच्या तबेल्याला आग. अकरा घोडे बांधल्या जागी जळाले. जनावरांना थंडी बाधू नये म्हणून हीटर लॅम्बर्टनंच चालू ठेवला होता.

डोरीन तेव्हा दहा वर्षांची होती. त्यानंतर घरात त्या घोड्यांची नावं कुणी काढली नव्हती. आई गेली, तीही न काढताच.

बघता बघता वारं फिरलं. "आता पुरावा भक्कम आहे. ठेवा." "ठेवा." "माझंही मत, ठेवा." डोरीननं घाईघाईनं लिहिलं, "नको, काढून टाका. मीच सांगतेय ना!" उत्तर अगदी सभ्य आलं, "बाईसाहेब, हे घरच्यांच्या मर्जीवर ठरत नाही."

पान राहिलं. पहिल्याच ओळीत आग, खाली अकरा घोडे नावानिशी. जिंकलेल्या शर्यती शेवटी, एका वाक्यात.

रविवारी ती जर्दाळूचे कोलाच, म्हणजे फळांचा मुरंबा भरलेले गोड पाव, घेऊन गेली. लॅम्बर्ट गुळगुळीत दाढी करून, चांगला शर्ट घालून बसला होता.

"काय ठरलं?"

"काढलं, पपा."

"का?"

"म्हणाले, तुम्ही तेवढे मोठे नाही."

"सहाशे कमी पडले?"

"कमी पडले, पपा."

तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. तेवढ्यात त्यानं चाचपत तिचा हात शोधला आणि थोपटला.

"जाऊ दे गं. तू किती खपलीस माझ्यासाठी. वाईट नको वाटून घेऊस."