काजळीखालची मूठ

मी दाराची मूठ बोलतेय. बाहेरच्या बाजूची, लोखंडी. ज्याला आत यायचं असतं त्याचा हात आधी माझ्यावर पडतो.

एका लोहाराने मला स्वतःच्या घरासाठी घडवलं. भट्टीत तापले, घणाचा मार खाल्ला, पाण्यात चर्र झाले. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. गावाला लागून तळं आहे. तळ्यातही माणसं राहतात, इथल्यासारखीच, फक्त लोखंडाला शिवली की त्यांचं पाणी होतं. म्हणून गावात प्रत्येक दाराला लोखंडी मूठ. तळ्यातल्यांशी सोयरीक नको, हा नियम. तो राखायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

लोहाराची एकुलती एक मुलगी तळ्यावर कपडे धुवायला जायची. एका बादलीला अर्धा दिवस लागायला लागला, तेव्हाच कुणीतरी ओळखायला हवं होतं. पण लोहार भोळा सांब. "माझी पोर स्वच्छतेची भारी," असं शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचा.

एकदा संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, उद्या दुपारी एक जण येणार आहे. त्याचं ऐकून घ्याल ना?"

"घेईन की! कोण आहे?"

"आल्यावर बघा."

त्याआधीच तिने मला उतरवून पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. माझ्या जागी लाकडाची मूठ बसवली, त्याच मापाची, तेल-काजळी फासून काळी केलेली. शेवटी लोहाराचीच लेक.

सकाळी लोहार पाहुण्यासाठी दार पुसायला बसला. फडक्याला काजळी लागली, खालून लाकूड दिसलं. त्याला वाटलं, पोरीच्या हातून मूठ तुटली आणि बिचारी सांगायला लाजली. "लोहाराच्या दाराला लाकडी मूठ! पाहुणा काय म्हणेल?" असं पुटपुटत त्याने घर धुंडाळलं. मी सापडले, धडधाकट. तरी त्याला शंका आली नाही. त्याने मला ठोकून बसवलं, वर तेलही लावलं. ती आत स्वयंपाक करत होती. लोहाराच्या घरात ठोकाठोकीकडे कोण लक्ष देणार?

दुपारी तो आला आणि दारात थबकला.

"ये ना," ती आतून म्हणाली, "मूठ काळी दिसते, पण लाकडाचीच आहे. बिनधास्त धर."

त्याने मला घट्ट धरलं. हात गार होता. मग हात नव्हता.

"अगं, पाहुणा कुठाय?" लोहार बाहेर येत म्हणाला. "आणि उंबऱ्यात हे पाणी कुणी सांडलं?"

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग लोहारानेही माझ्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा उंबऱ्यातल्या पाण्याकडे.

आता माझ्यावर गंज चढलाय, चार बोटं आणि एक अंगठा. लोहार अधूनमधून तेलाचं फडकं घेऊन येतो. "राहू द्या, बाबा," ती म्हणते. तो परत जातो. दोघं मागच्या दाराने ये-जा करतात.

लोखंडाला काही वाटत नाही म्हणतात. नसेल वाटत. पण तुम्ही कधी या दारी आलात, तर बाहेरूनच हाक मारा. मला धरू नका. तिच्याकडे त्याचं एवढंच उरलंय.