जॅमच्या पातेल्यातल्या गोळ्या

आमचा आयडाहोतला शेजारी वेंडेल बंदुकीची काडतुसं घरीच भरायचा. एका लिलावात त्याला शिशाच्या गोळ्यांचा जुना खोका मिळाला. त्यांच्यावरचं कारखान्यातलं मेणाचं वंगण वाळून त्याच्या खपल्या निघत होत्या. तशाच झाडल्या असत्या तर नळीत शिसं चिकटलं असतं. म्हणून बायको नदीन चर्चला गेल्यावर त्याने गोळ्या पातेल्यात घालून उकळायला ठेवल्या. मेण सुटून वर तरंगायला लागलं आणि तेवढ्यात नदीन परत आली.

"सूप करतोयस?"

"नाही गं, जुनं वंगण काढतोय."

"माझ्या जॅमच्या पातेल्यात?"

"घासून देतो ना."

"शिसं उकळलेलं भांडं मी परत चुलीवर ठेवू? आता ते तुझंच. घे आणि गॅरेजमध्ये जा."

वेंडेल पातेलं उचलून गेला. गोळ्या वाळवून त्याने नवं वंगण लावलं. तासाभराने नदीन डोकावली.

"माझ्या रिव्हॉल्व्हरला बसतील?"

"बसतील की."

"मग निम्म्या माझ्या."

शनिवारच्या नेमबाजीत तिने त्याच गोळ्यांनी वेंडेलला हरवलं. तो मात्र भेटेल त्याला सांगत होता, "वंगण मी लावलंय बरं का."