पुढचं उजवं चाक

लेस झरीफने पुढचं उजवं चाक सैल केलं ते सकाळी सहाला, पोरगी अंघोळीला गेल्यावर. चाकाच्या तोंडावरचं झाकण काढायचं, आतले नट अडवणाऱ्या वॉशरचा वाकवलेला कान सरळ करायचा, नट थोडे मागे फिरवायचे, झाकण परत बसवायचं. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागणार नाही. चाळीस वर्षं ज्याने लोकांची चाकं घट्ट केली, त्याला एक सैल करायला कितीसा वेळ लागणार? तरी वीस मिनिटं लागली, कारण तो सारखा घराच्या दाराकडे वळून बघत होता.

बेत साधा होता. जेवणानंतर रोझिनासमोर चाक जॅकवर उचलायचं, हलवून दाखवायचं आणि तोंड पाडून म्हणायचं, बेअरिंग गेलं. कपाटातला बेअरिंगचा नवा जोड त्याने आदल्या दिवशीच शेजारणीच्या खुराड्यामागे लपवला होता. दुसरा ॲडलेडहून येणार, म्हणजे आठवडा गेला. सोमवारी तिला वाळवंटापलीकडच्या बर्ड्सव्हिलच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. गाडी नाही म्हटल्यावर कुठे जाते? बसेल गुमान टपालाच्या ट्रकात आणि जाईल लांबच्या रस्त्याने, जसे चार शहाणे लोक जातात.

पण बाईला सिम्पसनच्या वाळवंटातून जायचं होतं. हजारावर वाळूच्या टेकड्या, पाचशे किलोमीटरमध्ये ना डिझेल ना माणूस. तीन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ कासिम तिथेच गेला. गाडी बंद पडली, पोरगा गाडी सोडून चालत निघाला, आणि एकोणीस किलोमीटरवर सापडला. गाडीत वीस लिटर पाणी तसंच होतं. ती गाडी लेसनेच तयार केली होती. त्याच्या गावात, ऊडनाडाटात, त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट अजूनही वाळवंटात शिरणारा प्रत्येक जण आधी त्याच्या दुरुस्तीच्या शेडसमोर गाडी लावायचा. लेस ‘जा’ म्हणाला की जायचं, ‘नाही’ म्हणाला की तणतणत का होईना, थांबायचं.

रोझिना ओल्या केसांनीच बाहेर आली आणि पाण्याचे कॅन मागे चढवायला लागली.

‘‘बाबा, जेवायला नाही थांबत. नऊला निघते.’’

लेसने घड्याळाकडे बघितलं. ‘‘नऊला? अगं, दुपारी ठरलं होतं ना?’’

‘‘परवापासून गरम वारा सुटणार म्हणतात. माझ्या मैत्रिणीला, ब्रिजेटला फोन केला, ती तिची गाडी घेऊन वाळवंटाच्या तोंडाशी, डलहौजीच्या झऱ्यावर आजच पोचतेय. तिथून दोन गाड्या आहेत, रेडिओ आहे, पाणी ऐंशी लिटर. आता तू सुरू होऊ नकोस.’’

‘‘मी कुठे काय म्हटलं? रस्त्याने गेलीस तर कुणी हसणार नाही, एवढंच.’’

‘‘रस्त्याने शंभरदा गेलेय. मला त्याच्या वाटेनेच जायचंय.’’ तिने कॅनचा पट्टा करकचून ओढला. ‘‘तीन वर्षं झाली. जेवताना त्याचं नाव निघालं की तू उठून शेडमध्ये येतोस. घरात त्याच्याबद्दल बोलायची चोरी. निदान तो गेला ती जागा तरी बघू दे मला.’’

 लेसने पावाचं पुडकं सरकवलं, टेकडीपलीकडून गाडी दिसावी म्हणून लावलेली झेंड्याची उंच काठी ताठ आहे का बघितली, टायरची हवा पुन्हा मोजली. घड्याळात आठ वाजून गेले. आता दाखवलं नाही, तर ही बया सैल चाकावर निघून जाईल! 

‘‘थांब जरा,’’ तो म्हणाला. ‘‘ते उजवं चाक बघू दे. मघाशी ढकलताना कुरकुरल्यासारखं वाटलं.’’

जॅक लावला, चाक उचललं, आणि त्याने वर-खाली धरून हलवलं. खटखट आवाज आला.

‘‘गेलं,’’ तो मान हलवत म्हणाला. ‘‘बेअरिंग गेलं, पोरी. नशीब आत्ताच कळलं.’’

रोझिनाने त्याला बाजूला करून स्वतः चाक हलवलं. एकदा, मग पुन्हा. तिच्या कपाळावर आठी पडली.

‘‘काल रात्री मी चारही चाकं हलवून पाहिली होती. हे घट्ट होतं.’’

‘‘बेअरिंग असंच जातं. न सांगता.’’

‘‘एका रात्रीत? उभ्या गाडीत?’’ तिने पाना उचलला.

‘‘उघडू नकोस, ग्रीसने हात भरतील. मी बघतो.’’

‘‘तूच शिकवलंस ना, चालवणाऱ्याने स्वतः हात लावल्याशिवाय निघायचं नाही म्हणून?’’

तिने पाना लावला. झाकण निघालं. वॉशरचा कान सरळ केलेला, त्यावर हातोडीची ताजी चकचकीत खूण. बेअरिंग बाहेर काढून तिने बोटांवर फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. तिने मान वर केली.

‘‘तू केलंस.’’

लेस खाली पडलेलं झाकण उचलायला वाकला.

‘‘आणि तू आत गेला असताना मी गाडी काढली असती तर? भर टेकडीवर चाक निघालं असतं तर? अरे, मेले असते ना मी!’’

‘‘मी सांगणार होतो.’’

‘‘कधी? सगळं गाव तुझ्या शब्दावर जीव सोपवतं, बाबा, आणि तू माझ्याच गाडीत—’’ तिने बेअरिंग फडक्यावर ठेवलं.

लेस उलट्या डब्यावर बसला.

‘‘कासिमच्या गाडीची रेडिएटरची खालची नळी,’’ तो म्हणाला, ‘‘हाताला मऊ लागली होती.’’

रोझिनाने पाना खाली ठेवला.

‘‘मला कळलं होतं. बदलायला अर्धा तास लागला असता. तो सारखा घाई करत होता, हॉर्न वाजवत होता, आणि मी म्हटलं, निघेल एवढी खेप. तीच फुटली, इंजिन तापून बंद पडलं. त्याला ‘थांब’ म्हणायला पाहिजे होतं, मी ‘जा’ म्हटलं. कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईला सुद्धा नाही.’’

बाहेर टपालाचा ट्रक धूळ उडवत गेला. रोझिनाने ग्रीसचा हात पँटला पुसला. ती आता ओरडेल असं त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘‘आणि हिच्यात?’’ तिने आपल्या गाडीवर हात ठेवत हळूच विचारलं. ‘‘हिच्यात कुठे मऊ लागलं तुझ्या हाताला? आत्ता सांग. तू सांगशील ते मी खरं मानीन.’’

लेस उठला. बॉनेट उघडून त्याने एकेक नळी दाबली, पट्टा ताणला, खाली वाकून स्प्रिंगच्या पट्ट्यांवरून हात फिरवला. एक शब्द पुरे होता. गिअरबॉक्स म्हटलं असतं तरी पोरगी थांबली असती. तिने तसं कबूल केलं होतं. म्हणूनच तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘दोन आठवडे खोट शोधतोय, सापडली नाही. म्हणून तर हे उद्योग केले.’’

‘‘मग?’’

‘‘चांगली आहे गाडी. चाक तेवढं तू बसव. माझ्या हातांचा मला भरवसा नाही आज.’’

तिने बेअरिंग पुसून जागेवर सरकवलं, नट आवळले, वॉशरचा कान वाकवला, झाकण लावलं. तो बाजूला उभा राहून बघत होता. दोनदा टोकायला तोंड उघडलं, पण टोकण्यासारखं तिने काही केलंच नाही.

‘‘बरोबर?’’ तिने विचारलं.

त्याने चाक दोन्ही हातांनी धरून जिवाच्या कराराने हलवलं. तसूभर हललं नाही.

‘‘बरोबर,’’ लेस म्हणाला. ‘‘जा.’’ आणि चाक सोडायच्या आधीच त्याला हुंदका फुटला.