शिळ्या पाण्यातला स्क्रू

प्रयोगशाळेत आपल्या हाताला तोड नाही, हे ताई स्वतःच चारचौघांत सांगायची. मिठाच्या कोमट पाण्यात मॅग्नेशियमचा स्क्रू बुडवायचा आणि तो किती दिवसांत विरतो ते बघायचं, हे तिचं काम. मोडक्या हाडात बसवायचे स्क्रू ते. हाड जुळल्यावर विरायला हवेत, आधी नाही. तिच्या बरणीतल्या स्क्रूवर दोनच दिवसांत राखाडी साय धरली आणि विरताना उठणारे बुडबुडे थांबले. ‘साय टिकते, चार महिने काळजी नाही,’ असं लिहून तिने झोकात सही ठोकली. त्याच भरवशावर धाकट्या बहिणीच्या घोट्यात तसाच स्क्रू बसला.

सहाव्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. “ताई, घोट्यात चुरचुरतंय गं. आत कुणीतरी बारीक दातांनी काहीतरी खातंय.”

“खुळी आहेस झालं,” ताई म्हणाली खरी, पण फोन ठेवताच बरणीत डोकावली.

बरणीतला स्क्रू मात्र ढिम्म. नव्याने बदलून आलेल्या बाईंनी सहज विचारलं, “पाणी कधी बदलता हो?”

“बदलायचं कशाला? आटलं की वरून घालते. माझ्या आधीच्या बाईही तेच...” ताई बोलता बोलता थबकली. स्क्रूतूनच उतरलेल्या क्षाराने ते पाणी साबणासारखं बुळबुळीत झालं होतं, म्हणून तर साय टिकली होती! अंगात कुठलं आलंय शिळं पाणी? तिथे रक्त सारखं वाहतं.

तिने ताजं पाणी ओतलं. सायीतून काळे धागे फुटले आणि जिवंत असल्यासारखे सरपटत सुटले. बरणी चुरचुरू लागली, अगदी बारीक दातांनी. इतक्या लवकर? असं होतच नसतं! घाबरून तिने चिमट्याने स्क्रू उचलला, तर हातात नुसतं टरफल आलं. आत काहीच नव्हतं.

तिने तिथूनच धाकटीला फोन लावला.

“अगं, तुलाच करणार होते!” धाकटी खुशीत होती. “सकाळपासून सगळं एकदम शांत आहे. म्हटलं, जुळलं हाड. कुबड्या ठेवल्या घरात आणि आलेय जिन्यात.”

“बस खाली! अगं बयो, हलू नकोस, चुकलं माझं...”

“इथे तुझं काही ऐकू येत नाही बघ. थांब, दोन पायऱ्या उतरते.”